अकरा रेघा

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात गण्या (नाव बदललंय). बस्करावर पाच मिनिटं टिकत नसे. उठून खिडकीशी जा, कुणाची पाटी ओढ, मोठ्यानं ढेकर दे. मी ओरडायचो, पोरं खिदळायची, की पुन्हा तेच.

सराव पाठासाठी आलेल्या छात्राध्यापिकेनं एकदा तास संपल्यावर भीत भीत वही पुढं केली. "सर, या तासात तुम्ही गण्याचं नाव अकरा वेळा घेतलंत." अकरा रेघा. प्रत्येक वेळी तो उठल्यावर. बसलेला असताना एकदाही नाही.

मी कानकोंडा झालो. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे १८९८चे मांजरावरचे प्रयोग, प्रयत्न-प्रमाद म्हणजे चुकत-माकत शिकणं, परिणामाचा नियम म्हणजे ज्याचं फळ गोड ते पुन्हा केलं जातं, सगळं डी.एड.ला घोकलेलं. उंदरानं दांडी दाबली की दाणा पडतो, त्या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पेटीची आकृती तर अजूनही डोळे मिटून काढीन. उंदीर जरा घुशीसारखा येतो, इतकंच. पण ओरडणं म्हणजे शिक्षा, हे मी धरूनच चाललो होतो. स्किनरच्या हिशेबात देणाऱ्याच्या हेतूला किंमत नाही. ज्यानं वर्तन वाढतं, ते प्रबलन. माझी बोंब हाच गण्याचा दाणा होता. आईबाप ऊसतोडीला, घरी थकलेली आजी. दिवसभरात त्याचं नाव इतक्यांदा घेणारा बहुधा मीच.

दुसऱ्या दिवसापासून उठला की बघायचं नाही, बसला की लगेच जवळ जायचं, असं ठरवलं. झालं उलटंच. दाणा थांबला की उंदीर आधी दांडी जास्त जोरात दाबतो. तिसऱ्या दिवशी गण्या माझ्या टेबलावर चढून डबा वाजवायला लागला. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या आणि माझा तोल गेला. "गण्याऽऽ!"

तो असा खुलून हसला, की पुढचे शब्द घशातच राहिले. नुसतं उठून भागत नाही, टेबलावर चढावं लागतं, हे आता मीच त्याला शिकवलं होतं. त्यातून कधी मिळणारा, कधी न मिळणारा दाणा सगळ्यात चिवट सवय लावतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांचे याचे आलेख ढिगानं छापलेत.

मग टेबल वर्गाबाहेर काढलं, बाईंनाही सांगून ठेवलं. तीन आठवडे गेले. गण्या बसू लागला. फक्त दर दोन ओळींनी वही घेऊन यायचा, "सर, बघा ना."

परवा फळ्यावर लिहिताना मागं पावलं वाजली. "छान, गण्या," म्हणत वळलो, तर वही घेऊन दुसरीच पोरगी उभी. गण्याला आईबाप आदल्या दिवशीच फडावर घेऊन गेले होते. सकाळी त्याची गैरहजेरी मीच मांडली होती.