पॅनिक अटॅक, उड्डाणपूल आणि सीबीटी

मला पॅनिक अटॅक यायचे ते नेमके उड्डाणपुलावर. घर नाशिकला आडगावकडे, नोकरी अंबडला, त्यामुळे हायवेचा तो लांबलचक पूल रोजचाच, आणि एकदा वर चढलं की वाटेल तिथे उतरता येत नाही ना. धडधड, हातांना मुंग्या, आता गेलोच असं वाटायचं. मग मी खालून द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून जायला लागलो, तिथे अर्धा तास अडकलो तरी चालेल पण पूल नको.

ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. आई म्हणाली, वेड्यांचा डॉक्टर कशाला, त्र्यंबकला जाऊन ये. जाऊन आलो, बरंही वाटलं, त्या रस्त्याला हा पूल लागत नाही :) सायकियाट्रिस्टनी गोळ्या दिल्या, म्हणाले परिणाम दिसायला 2 ते 4 आठवडे जातील, आणि सोबत थेरपी घ्या.

पहिल्या काउन्सेलर फक्त ऐकून घ्यायच्या. सल्ला नाही, होमवर्क नाही. ही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची पद्धत, हे नंतर कळलं. माझ्या मावसबहिणीला नवरा गेल्यावर अशाच थेरपीने सावरलं, तिला कोणीतरी न टोकता ऐकणारं हवं होतं. पण मला बोलून मोकळं वाटायचं आणि पूल आला की परत तेच.

मग सीबीटीवाल्या, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीवाल्या मॅडम. सायकियाट्रिस्ट ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात सुरू केलेली ही पद्धत, भर आत्ताच्या विचारांवर आणि वागण्यावर, लहानपण फारसं उकरत नाहीत. वहीत लिहायचं: काय झालं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. 'हार्ट अटॅक येतोय' याच्यासमोर पुरावा म्हणून लिहायला माझ्याकडे नुसती धडधड होती, आणि तेवढी तर जिना चढलं तरी होते.

खरी मजा पुढे. मॅडमनी मला फिरत्या खुर्चीवर गरागरा फिरवलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. मुद्दाम! चक्कर, धाप, सगळं आलं आणि आपोआप गेलं, अंगाला कळलं की याने माणूस मरत नाही. मग पूल. आधी बायको शेजारी, मग एकटा, मग पाण्याची बाटली आणि फोनवर बोलणंही बंद, कारण मॅडमच्या मते त्या कुबड्याच, त्या असल्या की मन म्हणतं बाटलीमुळे वाचलो. भीती वाढली तरी मागे फिरायचं नाही. लय अवघड गेलं, खोटं कशाला बोलू.

आता पुलावरूनच जातो. कधी धडधडतं, धडधडू दे.

कोणाला जायचं असेल तर पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा, तुम्ही कुठली पद्धत वापरता आणि माझ्या त्रासाला तीच का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन बघा. आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.