पाणी किती वाजता येतं?

"बॅचलर का फॅमिली?"

घर शोधायला लागल्यापासून पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला किमान वीस वेळा विचारला गेला. आम्ही दोघी मुली, दोघीही नोकरी करणाऱ्या. मी कराडची, मैत्रीण नांदेडची. एका एजंटला तिने सरळ सांगितलं, "दादा, दोन्ही नाही. आम्ही माणसं आहोत." त्याने फोन ठेवून दिला.

ऑफिस नवी मुंबईत, ऐरोलीला. पहिलं दीड वर्ष घणसोलीच्या पीजीत काढलं. एका खोलीत तिघी, माणशी 8,500, आणि रात्री दहानंतर किचनला कुलूप. ऐरोलीत वन बीएचके बघितलं तर भाड्यात अर्धा पगार जात होता. म्हणून मग ठाण्याच्या पलीकडे, डोंबिवली आणि आसपास. बरोबरीच्या निम्म्या मुली तिकडूनच येतात, आणि लोकलच्या नावाने बोटं मोडत का होईना, स्वतःच्या स्वयंपाकघरातला डबा आणतात. त्या डब्याचा मला हेवा वाटायचा, खरं सांगते.

सुरुवात मोबाइलवर केली आणि तिथेच ठेच लागली. डोंबिवली पूर्वेला फर्निश्ड फ्लॅट, भाडं 11,000, फोटो तर हॉटेलसारखे. मालक म्हणे फौजी, बदलीवर बाहेर. "सोसायटीत शिरायला व्हिजिट पास लागतो, 1,500 भरा, भाड्यातून वळते करू." आर्मीच्या ओळखपत्राचा फोटोही पाठवला. नांदेडकरणीने भरले. दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यावर गेलो तर वॉचमन हसला. म्हणाला, या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या. नंबर बंद. तेव्हापासून नियम केला, घराच्या दारात उभं राहिल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही.

मग एजंट धरला. एजंटचं गणित इथे ठरलेलं: एक महिन्याचं भाडं त्याची ब्रोकरेज, डिपॉझिट वेगळं, ॲग्रीमेंटचा खर्च वेगळा. एजंट माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याच्या बाइकच्या वेगाने घर बघायचं म्हणजे कठीणच. दार उघडायचं, "हा हॉल, हे किचन, इथे बेडरूम," आणि चपला घालायला सुरुवात.

आयरे रोडच्या एका सोसायटीत सेक्रेटरी काकांनी आमची तोंडी परीक्षा घेतली. कंपनी कुठली, घरी किती वाजता येणार, भाऊ येणार का, "भाऊ म्हणजे सख्खाच ना?" शेवटी म्हणाले, आमच्या सोसायटीत फॅमिलीलाच देतात. मग पाऊण तास कशाला बसवलंत, काका? पश्चिमेला दीनदयाळ रोडवर मालकीणबाईंना आम्ही आवडलो होतो, पण कराडची मुलगी म्हणजे मटण आलंच, हे त्यांनी परस्पर ठरवलं. मी खरं तर आठवड्यातून चार दिवस वरण-भातावर असते. पण खोटं कशाला बोलू, रविवारी तांबडा रस्सा लागतोच. तेही घर गेलं.

रात्री आईचा फोन. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, कोण काय काय विचारतं ते. आई म्हणाली, "त्यांनी इचारलं. तू काय इचारलंस?"

मी काहीच विचारलं नव्हतं. भाडं किती आणि डिपॉझिट किती, बस.

"आगं, पाणी किती वाजता येतं ते तरी?"

मला हसू आलं. आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमावरची माणसं. पाणी किती वाजता येतं हा प्रश्न घराबाबत विचारायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. आईचं माहेर मात्र माणदेशातलं. तिने लहानपणी हंड्यांच्या रांगेत अभ्यास केलाय. तिने फोनवरच यादी सांगितली आणि मी पीजीच्या अंधारात मोबाइलवर लिहून घेतली. सगळे नळ सोडून बघ. फ्लश दोनदा ओढ. खिडकी उघडून खाली काय आहे ते बघ. भिंतीला हात लाव, डोळ्यांनी ओल कळत नाही. आणि मालकाला इचारायच्या आधी वॉचमनला इच्यार.

या यादीने पहिल्याच घरात काम केलं. नांदिवलीकडे एक नवा कोरा टॉवर होता, लिफ्ट, मोठी बाल्कनी, आणि भाडं आजूबाजूपेक्षा दोन हजारांनी कमी. नांदेडकरीण तर बाल्कनीत कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवायला लागली होती. मी खाली इस्त्रीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "इथे टँकर येतो, ताई. टँकर नाही आला तर लिफ्टने बादल्या." मग एजंटला ओसी विचारली, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. "येईल ना, दिवाळीपर्यंत." कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांच्या जोरावर महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाचे, नंबर मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण तेव्हा गाजत होतं. 2024 च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले होते, आणि तिथे घरं घेतलेले लोक कर्ज फेडत रस्त्यावर यायच्या भीतीत होते. आपण भाडेकरू, आपलं कर्ज नाही, पण सामान घेऊन पळायची हौस कुणाला? कुंड्या राहिल्या.

डोंबिवलीच्या शेजारचं, ठाकुर्लीचं घर मिळालं ते 2025 च्या जुलैत, धो-धो पावसात. पावसात घर शोधू नये असं सगळे सांगतात. मी म्हणेन, पावसातच शोधावं. मार्च महिन्यात कुठलीही भिंत शहाण्यासारखी वागते.

पूर्वेला, नाइन्टी फीट रोडपासून आत, पंचवीसेक वर्षांची चार मजली इमारत. लिफ्ट नाही, घर तिसऱ्यावर. वन बीएचके, हॉलच्या खिडकीत एक आंब्याचं झाड, किचनचा ओटा काळ्या कडाप्प्याचा. दाखवायला मालक म्हणून एक मुलगा आला होता. बेडरूमला ताजा रंग, फिकट पिवळा. मी आईच्या सांगण्याप्रमाणे भिंतीला तळहात टेकवला आणि काढला, तर हाताला पिवळसर पिठी. रंग अजून भिंतीला धरलाच नव्हता. खाली कोपऱ्यात वास घेतला, तर आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला येतो तोच. मी हात त्या मुलासमोर धरला. तो म्हणाला, "पाऊस आहे ना." मी म्हटलं, "हो, म्हणूनच आले."

इथे मला पहिल्यांदा समजलं की विचारायला लागलं की समोरचाही नीट बोलतो. त्याने कबूल केलं की वरच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने लांबवलंय. पाणी सकाळी सहा ते साडेसात, टाकीत चढवतात, शटडाऊनच्या दिवशी हाल. हे त्याने स्वतःहून सांगितलं. 14,000 चं भाडं 13,500 वर आलं, आणि दिवाळीनंतर ती भिंत करून द्यायची असं ठरलं. डिपॉझिट 50,000.

हो म्हणायच्या आधी मी अजून एक वेडेपणा केला. एका सोमवारी पहाटे घणसोलीहून उलटी ठाकुर्लीला गेले, त्या इमारतीच्या दारापासून घड्याळ लावलं आणि ऑफिसला आले. ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही. स्लो लोकल कल्याणहूनच भरून येते. लेडीज डब्यात दाराशी एक पाय टेकायला जागा मिळाली, तोवर डोंबिवली आली आणि तोही पाय उचलला गेला. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. ठाण्याला पूल चढून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या फलाटावर, दिघा गाव, मग ऐरोली. इमारतीच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत 1 तास 10 मिनिटं. शेजारच्या बाईंनी माझा चेहरा बघून सल्ला दिला, "आधी डाऊन करून कल्याणला जात जा, बसायला मिळतं." म्हणजे उलट्या दिशेने कल्याणला जायचं आणि तीच गाडी परत फिरताना बसूनच यायचं. वीस मिनिटं जास्त, पण गुडघे शाबूत. हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "स्टेशनपासून पाच मिनिटं."

ॲग्रीमेंटवरून थोडी कटकट झाली. मुलगा म्हणाला, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, कशाला खर्च. ऑफिसमधल्या एका ताईने मला आधीच बजावलं होतं, नोटरी चालत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा अकरा महिन्यांच्या भाड्याचा, करार नोंदवावाच लागतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55. नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. मी हे भांडणाच्या सुरात बोललेच नाही. "दादा, यात अडचण तुम्हालाच होईल" एवढंच म्हटलं. लगेच नोंदणी ठरली.

खर्चही फार नसतो, फक्त कुणी फोड करून सांगत नाही. स्टॅम्प ड्युटी म्हणजे अकरा महिन्यांचं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, आणि त्या रकमेच्या पाव टक्का. आमचं गणित चारशे रुपयांच्या आसपास आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी जे काही लावतात ते घरी मशीन घेऊन येणाऱ्याची मजुरी. आमच्याकडून एकूण 3,500 मागितले, आणि हिशेब विचारल्यावर अर्धे मालकाने भरले.

एक गोष्ट आयत्या वेळी उघड झाली. घर मुलाच्या नावावर नव्हतंच, त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या नावावर होतं. वीजबिलावर नाव बघून मी विचारलं. म्हणजे सही आणि अंगठा काकूंचाच हवा. त्या पासष्टीच्या पुढच्या, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या. रविवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये ऑपरेटर लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं छोटं मशीन मांडून बसला. आमचे दोघींचे अंगठे लगेच लागले. काकूंचा लागेना. एकदा, दोनदा, पाच वेळा. जन्मभर भांडी घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसट झालेल्या. हात धुऊन आल्या, पदराला पुसले. ऑपरेटर म्हणाला, "काकू, बोट कपाळावर घासा जरा." कपाळाचं तेल लागलं की ठसा उमटतो म्हणे. काकूंनी कुंकू सांभाळत कडेकडेने अंगठा घासला. तरी नाही. मग एकेक बोट करत डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला आणि आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी त्या आनंदात चहाबरोबर चकल्या काढल्या. त्या चकल्या खातानाच आमची खरी ओळख झाली. मटणाचं मी स्वतःहून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवून कर म्हणजे झालं. आणि मला वाटीभर दे."

भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने ऑनलाइन द्यायची असते, ती मुलाने माझ्यासमोरच भरली. तीन-चार दिवसांत नोंदणी झालेल्या ॲग्रीमेंटची पीडीएफ आली. डिपॉझिटचे पैसे मी काकूंच्याच खात्यावर टाकले.

एकूण हातात किती लागतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 50,000 डिपॉझिट, 13,500 पहिलं भाडं, 13,500 ब्रोकरेज. ॲग्रीमेंटचा आमचा वाटा आणि टेम्पो धरून ऐंशी हजारांच्या घरात. माणशी चाळीस. माझी अठरा महिन्यांची बचत एका आठवड्यात साफ.

सामान नेलं त्या दिवशी दोन गोष्टी केल्या, त्या करा. महावितरणच्या मीटरचा फोटो रीडिंगसकट काढला, आणि जुनं बिल बाकी आहे का बघितलं. होतं, 2,340. मागच्या भाडेकरूचं. मुलाने भरलं. दुसरं, प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि फुटलेल्या टाइलचा फोटो काढून काकूंना पाठवला, म्हणजे डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी ती टाइल आमच्या नावावर नको. गॅसचं कनेक्शन होईपर्यंत पाच किलोचा छोटू सिलिंडर आणला. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. पहिल्या रात्री त्यावर पिठलं केलं. पातेलं एकच होतं, म्हणून भात नाही. पिठलं आणि पाव.

सकाळी सहाला आईचा फोन. "आलं का पाणी?"

"आलंय."

"मग ठेव. भरून घे."

ऑगस्टच्या शेवटी बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा पोपडा सुटला, अगदी मी हात लावला होता तिथेच. मी फोटो काढून काकूंना पाठवला, खाली लिहिलं, "काकू, दिवाळीनंतरचं लक्षात आहे ना?" पाच मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं. शब्द एकही नाही, नुसता अंगठा. हा मात्र पहिल्याच फटक्यात लागला.