चार गाड्या, एक पेटी आणि आईचे गुडघे

आमची जुनी हॅचबॅक काढायची ठरली ती बिघडली म्हणून नव्हे, आईला तिच्यातून उठता येईना म्हणून. दर दोन महिन्यांनी रत्नागिरीहून कोल्हापूरला हाडांच्या डॉक्टरांकडे फेरी. सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मध्ये आंबा घाट. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली की आमचा खेळ सुरू. आई पाय बाहेर काढणार, दाराची कड धरणार, मी काखेत हात घालणार, आणि ती ओरडणार, "हळू रे, माणूस आहे मी, पोतं नव्हे!"

घरात प्रत्येकाची गाडी वेगळी. चिरंजीवांना क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी उंच केलेली छोटी गाडी हवी, तीही छतात काच असलेली. बायकोला वाडीच्या रस्त्यात बसेल एवढीच हवी. बजेट चार मीटर लांबीच्या आतल्या गाडीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे जरा हात सैल सुटला होता. वॅगन आर, बलेनो, फ्राँक्स आणि पंच अशी चार नावं कागदावर आली.

आधी आकडे काढले. बलेनो आणि फ्राँक्स, दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५२० मिलिमीटर, अगदी तेवढंच. डिकी बलेनोची ३१८ लिटर, फ्राँक्सची ३०८. म्हणजे उंच दिसणाऱ्या गाडीची डिकीच दहा लिटरने कमी! वॅगन आरचं चाकांमधलं अंतर २४३५, पण उंची १६७५ आणि डिकी ३४१. पंचची डिकी ३६६. मुलाला कागद दाखवला. तो म्हणाला, "बाबा, आकड्यांवर काय बसायचंय का?" इथे मात्र पोरगा बरोबर होता.

म्हणून टेप घेतली. आई घरात कशावरून आधार न घेता उठते ते पाहिलं. पडवीतला बाक, वर घडी घातलेली गोधडी. मोजलं, बावीस इंच. जुन्या गाडीची सीट जमिनीपासून एकोणीस. तीन इंचांसाठी एवढा तमाशा चालला होता.

शोरूममध्ये टेप काढल्यावर सेल्समन आधी हसला, मग दुसऱ्या पोराला बोलावून आणलं, "हे बघ, काका काय करतायत." मी सीट हाताने दाबून मोजत होतो, कारण माणूस बसला की गादी खाली जाते आणि उंची कमी होते. पण खरी गोष्ट कळली ती आई बसल्यावर. एका क्रॉसओव्हरची सीट जमिनीपासून चोवीस इंच, म्हणजे बसणं-उतरणं झकास. पण आत बसल्यावर आईचे गुडघे छातीकडे आले. गाडी उंच केलेली, तिच्याबरोबर आतली जमीनही उंच, आणि त्या जमिनीपासून सीट मात्र बुटकीच. उकिडवं बसल्यासारखं झालं. मांडीखाली माझी चार बोटं सहज गेली, म्हणजे मांडीला आधारच नाही. त्याच्या उलट डब्यासारख्या उंच गाडीत सीट आतल्या जमिनीपासूनही वर होती. पाय खुर्चीत बसल्यासारखे सरळ खाली. चाकांमधलं अंतर कमी असून जागा जास्त वाटते ती याच्यामुळे. ताठ बसणाऱ्या माणसाला पाय ठेवायला कमी जागाही पुरते.

तेव्हापासून दोन मापं घेऊ लागलो, जमिनीपासून सीट आणि गाडीच्या आतल्या तळापासून सीट. पहिलं उतरण्यासाठी, दुसरं कोल्हापूरच्या वाटेवरच्या तीन तासांसाठी.

मागची सीट तपासायची आमची पद्धत सोपी. चालवणारा मी, म्हणून पुढची सीट आधी माझ्या मापाने लावायची आणि मग मीच मागे जाऊन बसायचं. शोरूममधली पुढची सीट बऱ्याचदा पार पुढे सरकवलेली असते, मागे जागाच जागा दिसते. चिरंजीव पावणेसहा फूट. एका उतरत्या छताच्या गाडीत त्याचे केस वर घासले, आणि काचेचं छत असलेल्या मॉडेलमध्ये तर डोकंच टेकलं. काचेची चौकट बसवायला छत आतून खाली येतं हे त्याला तिथेच उमगलं. बोलला काही नाही.

धाकटीची अडचण निराळी. घाटात तिला उलटी होते. मागची खिडकी लहान आणि वर चढत जाणारी असेल तर तिला बाहेरचं दिसत नाही, आणि बाहेरचं दिसलं नाही की शाहूवाडीच्या आधीच पिशवी लागते. तिला प्रत्येक गाडीत पाच-पाच मिनिटं मागे बसवली आणि विचारलं, "समोरचं झाड दिसतंय का?"

डिकीसाठी मी आंब्यांची पाच डझनी लाकडी पेटी रिकामी करून नेली होती. बायको लाजेने लांब उभी राहिली. पण लिटरचं माप पाण्याला ठीक आहे हो, पेटी काही वाकत नाही. जास्त लिटरच्या एका डिकीत चाकांचे उंचवटे मध्ये येत होते आणि पेटी आडवी बसेना. शिवाय डिकीचा उंबरठा कंबरेच्या वर. मे महिन्यात तीस पेट्या उचलून तिथवर न्यायच्या म्हणजे मीही कोल्हापूरच्याच डॉक्टरांकडे. सीएनजीचाही विचार झाला, पण सिलिंडर डिकीत बसला की पंचसारख्या दोन छोटे सिलिंडर खाली ठेवणाऱ्या गाडीतही २१० लिटरच उरतात. आंब्यांसाठी तो विषय तिथेच संपला.

शेवटची परीक्षा आमच्या वाडीत. टेस्ट ड्राइव्ह सपाट डांबरी रस्त्यावर नको, घरी नेतो म्हटलं. सेल्समन बिचारा आला. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायचा रस्ता दोन जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून. तिथे दार पूर्ण उघडतच नाही. पंचचं दार ९० अंशांत उघडतं, छान वैशिष्ट्य, पण आमच्या गडग्याला ते कुठे ठाऊक? आईला अर्ध्या दारातून वळून बसता येतंय का, एवढंच पाहायचं होतं. एका गाडीत सीटचा बाहेरचा काठ इतका उंच आणि कडक होता की ती त्याच्यावरच अडकली. दुसऱ्यात बसली, वळली, पाय आत घेतले आणि म्हणाली, "हिच्यात मी उठेन."

डब्यासारखी, उंच हॅचबॅक आली घरात. मुलगा आठवडाभर फुगून होता.

एक चूक मात्र झाली. दुकानदाराने जाड, गुळगुळीत सीट कव्हरं गळ्यात मारली. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर ती कव्हरमुळे अडू शकते, हे नंतर वाचलं. त्याआधीच आंबा घाटाच्या पहिल्या वळणावर आई घसरून दाराला टेकली होती, पाठ घामाने चिकट. घरी आल्याबरोबर कव्हरं काढली, पैसे गेले ते गेले. आता कापडी सीटवर तिचं जुनं सुती लुगडं चौघडी करून अंथरलेलं असतं.