नवतपात कोठीची खोली

२७ मे

नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सकाळी नऊलाच ओट्यावर पाय ठेववत नाही. धान्याला द्यायला याहून कडक ऊन वर्षात मिळत नाही, म्हणून आज कोठीची खोली काढायला घेतली. मृग लागला की हवेत ओल येते आणि मग दाणा वाळवायचं नावच घ्यायला नको.

सगळं अंगणात आलं तेव्हा लक्षात आलं की खरा पसारा धान्याचा नव्हताच. गव्हाची कोठी, ज्वारीचं चुंगडं म्हणजे पोतं, डाळीचं पिंप, सगळं आपापल्या जागी होतं. पसारा होता आठवडी बाजारातून येणाऱ्या पुड्यांचा. रबर गुंडाळलेला साबुदाणा तीन ठिकाणी सापडला. रव्याला जाळी लागलेली. मोहरीची पुडी फुटून पापडाच्या डब्यामागे सांडलेली.

वर्षाचं धान्य यायच्या आधीच त्याची जागा ठरलेली असते. तूर निघाली की कुठे जाणार, मार्चनंतर गहू आला की कोणती कोठी धुवून ठेवायची, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पुडी मात्र बाजाराच्या दिवशी अंधार पडता पडता थैलीतून निघते आणि हात पोचेल तिथे जाऊन बसते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर रानातून आलेली बाई आधी चूल पेटवेल की पुड्या लावेल? अशा घराला कोणी अव्यवस्थित म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

सासूबाईंनी तुरीचं चुंगडं आधी मागितलं. घरची बरीचशी तूर आम्ही उन्हाळ्यातच भरडून घेतो, थोडीच आख्खी राहते. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात आख्खी तूर ठेवली तं भुंगे तिला सोडत नाहीत, डाळ केली तं तेवढा तरास नाही." यामागचं कारण मला पटलेलं आहे. भुंगा दाण्यावर अंडी घालतो, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि मोठा झालेला भुंगा गोल भोक पाडून बाहेर पडतो. अंडी कधीकधी शेतातल्या शेंगांवरूनच घरात येतात, त्यामुळे चुंगड्याचं तोंड कितीही घट्ट बांधलं तरी कीड आतून निघते. भरडलेल्या डाळीत तिला तितकं रमता येत नाही. उरलेल्या आख्ख्या तुरीला आज एरंडेलाचा हात फिरवला. थोडंसंच तेल घ्यायचं आणि दोन्ही तळव्यांनी दाणा न् दाणा चमकेपर्यंत चोळायचं. हे काम सासूबाईंनी मला करू दिलं नाही. त्यांच्या हाताला तेलाचा जो अंदाज आहे तो माझ्या हाताला अजून यायचा आहे, आणि मला तो शिकून घ्यायचा आहे.

गहू दिवसभर उन्हात होता, पण आज कोठीत भरला नाही. रात्रभर ओसरीत जुन्या लुगड्यावर पसरून ठेवलाय. गरम दाणा बंद कोठीत गेला की आत वाफ धरते आणि वाळवल्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. उद्या सकाळी गार झाला की मधे मधे सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालून भरू. कोठीखाली विटा आहेतच. ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, कारण मागची भिंत पावसात ओल धरते.

मोबाइलवर एकसारख्या पारदर्शक बरण्यांच्या रांगा दिसतात. धाकट्या जावेला त्या फार आवडल्या. तिखट-हळदीसाठी मी नको म्हटलं, उजेडानं दोन्हींचा रंग उडतो. आमची हळकुंडं वायगावची, भौगोलिक मानांकन मिळालेली हळद ती. हळकुंडं आख्खीच ठेवते आणि लागेल तेवढीच दळून आणते, म्हणजे वास टिकतो. जावेच्या हौसेसाठी शेंगदाणे आणि पोहे काचेच्या बरणीत भरले. तिनं ते हौसेनं पुढे मांडले, छान दिसतात.

मोठ्या डब्यांचा क्रम मात्र मी मुद्दाम बदलला नाही. सासूबाईंना अक्षर वाचता येत नाही. लाइट गेली तरी झाकणाच्या पोच्यावरून त्या जवस आणि तीळ वेगळे ओळखतात. बाकीच्यांसाठी डब्यांवर खडूनं नावं लिहिली, पण डबे जिथले तिथेच राहिले. चार दशकं ज्या हातानं हे घर चालवलं, त्या हाताला आपल्याच कोठीत चाचपडायला लावणं मला मान्य नाही.

पुड्यांसाठी दाराशी एक टोपलं ठेवलंय. बाजाराच्या दिवशी सगळं त्यातच पडेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात जाईल. जुन्या रव्यावर नवा रवा ओतायचा नाही, हे सगळ्यांना सांगितलं. तळाशी कीड असेल तर ती नव्यातही चढते. डबा रिकामा करायचा, धुवायचा, उन्हात कोरडा करायचा आणि मगच भरायचा. सासरे म्हणाले, एवढं कोण करते? मी म्हटलं, बाबा, बाजारातून तुम्हीच आणता, तं टोपल्यात टाकणं तेवढं तुमच्याकडे. ते हो म्हणाले.

भिवापुरी मिरचीचे देठ खुडायचे राहिले. चक्कीवर तिखट शुक्रवारी दळतात, त्याच्या आत दोन उन्हं द्यावी लागतील.