चौदापैकी शून्य

संध्याकाळी ५:४० ला आलेला तो फोन आमच्या नोंदवहीत ५२ मिनिटांचा आहे. त्यातली पहिली नऊ मिनिटं माझ्या एका चुकीच्या सूचनेत गेली. दूरध्वनी समुपदेशनात अशी चूक नवीन माणसाकडून हमखास होते. माझ्याकडून ती बऱ्याच वर्षांच्या कामानंतर झाली. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.)

पलीकडे एक बाई रडत होत्या. सकाळी कामात चूक झाली, ती चारचौघांत दाखवली गेली, दुपारी बहिणीशी फोनवर भांडण झालं. इथवर नेहमीचंच. पण रडू या कशाचंच नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवर लावलेली स्वतःचीच यादी वाचली होती. 'स्वतःची काळजी' असं शीर्षक आणि खाली १४ कलमं: पहाटे पाचला उठणे, २० मिनिटं ध्यान, ३ लिटर पाणी, १०,००० पावलं, रोज डायरी, असं बरंच काही. "चौदापैकी शून्य," त्या म्हणाल्या. "मला स्वतःची काळजीसुद्धा घेता येत नाही."

मी म्हटलं, "आधी एक खोल श्वास घ्या." हीच ती चूक. त्यांनी एक नाही, दहा-बारा मोठेमोठे श्वास भराभर घेतले. मग बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, चक्कर आली आणि आता आपल्याला काहीतरी होतंय म्हणून त्या आणखी घाबरल्या.

रडताना माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर करत असतो. त्यावर खोल श्वासांची भर पडली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर, मुंग्या सुरू होतात. हवा कमी पडतेय असं वाटतं, प्रत्यक्षात ती जास्त झालेली असते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय कुणाला सुचवू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो धोक्याचा ठरतो. म्हणून श्वास दुरुस्त करण्याआधी विचारून घेतलं: छातीवर दाब आहे का, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय का, दमा आहे का. यातल्या कशालाही 'हो' आलं असतं तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

तिन्हींना 'नाही' आलं. मग नवी सूचना: श्वास मोठा घेऊ नका, सोडायला वेळ लावा. खुर्चीत बसा, तळवे जमिनीला टेकवा. नाकाने चार आकडे होईपर्यंत आत, आवाज न करता. तोंडाने सहा आकडे होईपर्यंत बाहेर; गरम कपावर फुंकर घालतो तशी, पण वरची साय हलू नये इतकी हळू. मध्ये रोखून धरायचा नाही. आकडे मी मोजत होतो, कारण घाबरलेला माणूस भराभर मोजतो. एक फेरी साधारण दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार चालतं. बाहेरचा आकडा मोठा असला की झालं. तीन मिनिटांनी मुंग्या ओसरल्या.

यानंतर जो प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो तो विचारला: "जीव संपवावा असं मनात येतं का?" असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरच्या माणसांनीही हा प्रश्न आडवळणाने विचारू नये. उत्तर 'हो' असेल तर पुढचं काहीच लागू नाही: माणसाला एकटं सोडायचं नाही, इजा करता येईल अशा वस्तू दूर करायच्या, तातडीची मदत बोलवायची. त्या म्हणाल्या, "नाही हो. फक्त आजचा दिवस संपावा असं वाटतंय."

मग शरीराचे चार प्रश्न. शेवटचं कधी खाल्लं? पाणी? रात्री किती झोप? रोजचं औषध चुकलं का? औषध काही नव्हतं. बाकी हिशोब असा निघाला: झोप चार तास, सकाळपासून पोटात तीन कप कॉफी, त्यातला शेवटचा साडेचारला, खाणं नाही. सकाळी सातला घातलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स अजून डोळ्यांतच होत्या. आयुष्याचा निकाल लावायला बसलेली अर्धी माणसं मुळात उपाशी आणि अर्धवट झोपलेली असतात, हे माझं मत. आकडेवारी मागू नका.

आधी हात साबणाने धुऊन, कोरडे करून लेन्स काढल्या, चष्मा लावला. नळाच्या गार पाण्याने चेहरा धुतला. कपाळ आणि डोळ्यांभोवती गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून हा उपाय टिकून आहे. बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवण्याचे प्रकार मात्र हृदयाच्या तालाचा त्रास असलेल्यांनी करू नयेत, आणि इतरांनाही त्याची गरज पडत नाही. मग ग्लासभर पाणी, घोटाघोटाने. हुंदके चालू असताना गटागटा प्यायलं की ठसका लागतो, मळमळतं.

खाण्यापाशी त्या अडल्या: "भूकच नाही." ताणात भूक मरते, तेव्हा भुकेची वाट पाहत बसलं तर खाणं होतच नाही. घरात जे तयार आहे त्यातलं तळहातावर मावेल एवढं, शिजवायचं नाही, आणि नुसतं गोड नाही. मी फोनवर थांबलो. खाल्ल्यावर फरक पडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याआधी 'काही उपयोग नाही' असं ठरवायचं नाही, हेही सांगावं लागतं.

ती वीस मिनिटं मोकळी सोडणं धोक्याचं होतं, कारण फोनमध्ये राजीनाम्याचा मेसेज अर्धा टाईप झालेला होता. मी 'पाठवू नका' म्हटलं नाही. तो कागदावर उतरवून घ्यायला लावला आणि फोनमधला मजकूर पुसायला सांगितलं. मेसेजच्या चौकटीत ठेवलेला मजकूर रात्री दोनला अंगठ्याच्या एका चुकीने जातो; कागद जात नाही. उद्या दुपारच्या जेवणानंतर वाचायचा, मग ठरवायचं. वाईट दिवशी घेतलेले निर्णय चुकतातच असं नाही, पण ते दुसऱ्या दिवशीही घेता येतात.

आता यादी. "फाडू का?" त्यांनी विचारलं. मी कागद पालथा करायला सांगितला. ती चांगल्या दिवसाची यादी होती. (त्यातला १०,००० पावलांचा आकडासुद्धा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, तो कुणी दवाखान्यात मोजून काढलेला नाही.) मागच्या कोऱ्या बाजूवर तीनच ओळी: एक शरीरासाठी, एक खोलीसाठी, एक माणसासाठी. अट एवढीच की काम दहा मिनिटांत संपावं, संपलेलं डोळ्यांना दिसावं आणि दुसऱ्या कुणावर अवलंबून नसावं. त्यांनी आधी 'घर आवरणे' लिहिलं. ते खोडून 'टेबलावरचे कप सिंकमध्ये ठेवणे' झालं. धुणे नव्हे, ठेवणे. मन लागलं की काम करू, हा क्रम वाईट दिवशी चालत नाही. आधी हात हलतात, मन मागून येतं. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी नैराश्यावरच्या उपचारात हाच क्रम धरला आणि तो आजही वापरला जातो. करण्याआधी आणि नंतर मनाला दहापैकी गुण द्यायचे. त्यांचे आधी दोन होते, कप ठेवून आल्यावर चार. आठ होत नाहीत. चारला चारच म्हणायचं.

माणसाच्या ओळीला वेळ लागला. 'मैत्रिणीशी बोलणे' असं लिहिलं की फोन होतो, "कशी आहेस?" "ठीक" आणि संपतो, किंवा समोरून सल्ल्यांची रांग लागते. म्हणून काय हवंय ते आधीच लिहून पाठवायचं. त्यांनी पाठवलं: "आज दिवस फार वाईट गेला. सल्ला नको, दहा मिनिटं फक्त ऐकशील?" उत्तर लगेच आलं नाही तर दुसरं नाव कोणतं, तेही ठरवून ठेवलं.

रात्रीचं थोडक्यात. कॉफीचा अंमल अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेचारच्या कपाचा निम्मा भाग रात्री साडेनऊला शरीरात असणार. झोप उशिरा येईल हे आधीच सांगितलं, नाहीतर 'झोपसुद्धा येत नाही' हे पंधरावं अपयश झालं असतं. सात वाजताच अंथरुणात शिरायचं नाही. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ. वीसेक मिनिटं तळमळ झाली, घड्याळ न बघता अंदाजाने, तर उठून मंद उजेडात बसायचं आणि डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. मद्याने झोप येते, पण उत्तररात्री तुटते.

असे दिवस महिन्यात किती येतात, हेही विचारलं. दोन-तीन, म्हणाल्या. जवळजवळ रोज आणि सलग दोन आठवडे असं उत्तर आलं असतं तर डॉक्टरांची वेळ त्याच फोनवर ठरवायला लावली असती.

त्यांच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. झोप साडेबाराला लागली होती. मैत्रिणीने रात्री अकराला उत्तर दिलं, तोवर दुसऱ्या नावाशी बोलून झालं होतं. कागदावरच्या राजीनाम्यातल्या चार ओळी खोडून दोन ठेवल्या होत्या, आणि त्या दोन वरिष्ठांना बोलून दाखवायच्या ठरल्या होत्या. कप अजून सिंकमध्येच होते.

आमच्या फोनशेजारी भिंतीवर सूचनांचा तक्ता आहे. त्याच्या पहिल्या ओळीत 'खोल श्वास घ्यायला सांगा' असं छापलेलं होतं. त्यावर पट्टी चिकटवून पेनाने 'हळू सोडायला सांगा' लिहिलंय.