हलग्याचं अधिवेशन, स्ट्रासबर्गचं अधिवेशन

डिसेंबर आला की बेळगावातल्या आमच्या लॉजचा किल्ल्यांचा फळा रिकामा. हलग्याला सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन ना! जादा गाद्यांना ऊन मीच दाखवतो. म्हणून फ्रान्सचं दुखणं मला चटकन कळलं.

युरोपियन संसदेनं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला वर्षाकाठी 12 अधिवेशनं भरवायची, असं ठरलेलं. खासदारांनी शक्कल लढवली: 2012 आणि 2013 च्या ऑक्टोबरमधली दोन अधिवेशनं दोन-दोन दिवसांची करून एकाच आठवड्यात कोंबली. एरवीचं काम ब्रसेल्सला, त्यामुळं एक हेलपाटा वाचला! (आमच्याकडंही बेंगळूरवाल्यांची कुरकुर असतेच.) फ्रान्स थेट लक्झेंबर्गला, युरोपियन संघाच्या न्यायालयात. डिसेंबर 2012 मध्ये निकाल: वेळापत्रकाचा तेवढा भाग रद्द.

दीड-दोन वर्षांत निकाल! महाराष्ट्राचा सीमादावा सुप्रीम कोर्टात 2004 सालचा. अप्पा चहा गार होईस्तोवर पेपरात तारीख शोधायचे. आता मी शोधतो.