पोर्क, मुळा आणि शेजारच्या काकू

"मटण शिजवून राहिली का गं? सावजीचा वास तर नाही येऊन राहिला."

शेजारच्या काकू दारात उभ्या. गॅसवर मोठं पातेलं. त्यात पोर्कच्या फासळ्या, आलं, लसूण, काळी मिरी, मीठ, पाणी. तेलाचा थेंब नाही, चरबी आपोआप सुटते.

"काकू, पोर्क आहे."

त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली. "आमच्या माहेरी व्हायचं. घरामागे, चुलीवर. भांडंही वेगळं. अन् मुळा शेवटी टाकजो, नाही तर पार गळून जाते."

बरोबरच होतं त्यांचं. फासळ्यांना मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात हाडाजवळच्या चिवट भागातलं कोलेजन विरघळून जिलेटिन होतं अन् रस्सा पीठ न लावताच दाटतो. गाजर, बटाटा शेवटच्या अर्ध्या तासात, मुळा त्याहून उशिरा. आसामात यात मोहरीचा पाला घालतात. तोही एकदा करायचा आहे.

पण डोक्यात राहिलं ते जिन्याकडे बघणं. सावजीच्या तर्रीवर नागपूरकर चारचौघांत तावातावानं भांडतात. पोर्कचं नाव मात्र दबक्या आवाजात. ताटात काय आहे त्यावरून जात हुडकायची आपली सवय जुनीच, त्यामुळे काकूंना तरी काय बोलणार?

जाताना वाटीभर रस्सा मात्र मागून नेला.

तुमच्या घरी काय शिजायचं वेगळ्या भांड्यात?